स्वस्तातली जपानी स्पोर्ट्स कार: मुंबईत राहून दोन गाड्या कशा पारखायच्या

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर दिवाळीला कुणाला तरी बोनस मिळतो आणि तोच प्रश्न नव्याने येतो: "बजेटमध्ये, चालवायला मजा येईल अशी जपानी गाडी सांगा रे." मग तासाभरात साठ मेसेज. एक जण होंडाच्या व्हीटेक इंजिनच्या आवाजावर कविता करतो, दुसरा बलेनो आरएस घे आणि गप्प बस म्हणतो. निम्म्या लोकांनी त्यातली एकही गाडी चालवलेली नसते. मीही बरीच वर्षं असाच बोलत होतो. पुढे मावसभावासाठी खरोखर गाडी शोधायची वेळ आली, पाच गाड्या ओळीने चालवल्या, पहिल्या दोन तर चुकीच्या पद्धतीने चालवल्या, आणि त्या गडबडीतून एक पद्धत बसली. ती इथे क्रमाने लिहितो.

आधी यादी जमिनीवर आणा

स्वस्त जपानी स्पोर्ट्स कार म्हटलं की जगभर दोन नावं आधी येतात: माझदा एमएक्स-५ आणि टोयोटा जीआर ८६. दोन्ही आपल्याकडच्या शोरूममध्ये कधी आल्याच नाहीत. १४० पीएसची (पीएस म्हणजे इंजिनच्या ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखं) स्विफ्ट स्पोर्टही आली नाही, तिच्या साध्या बहिणींनी मात्र आख्खी मुंबई भरली आहे. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं, आणि ती उतरवायची फक्त मुंबई बंदरात. बंदर आपल्या दारात असलं तरी सीमाशुल्क गाडीच्या किमतीलाच जाऊन भिडतं, त्यामुळे 'स्वस्तातली' हा शब्द धक्क्यावरच गळून पडतो.

राहतो तो सेकंडहँड बाजार. माझ्या यादीत चार गाड्या होत्या. होंडा सिटी व्हीटेक, म्हणजे २००३ पर्यंत मिळणारी जुन्या आकाराची सिटी, दीड लिटर, १०६ बीएचपी. होंडा सिव्हिक, २००६ मध्ये आलेली, १.८ लिटर, १३२ पीएस. मित्सुबिशी सीडिया, तीही २००६ चीच, दोन लिटर. आणि मार्च २०१७ मध्ये आलेली बलेनो आरएस, एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०२ पीएस. पाचवी साधी स्विफ्ट, मोजपट्टी म्हणून. मोजपट्टी हवीच. रोजची ओळखीची एक गाडी त्याच दिवशी त्याच रस्त्यावर चालवली नाही, तर बाकीच्यांबद्दलचं मत हवेतच राहतं.

एमएक्स-५ आणि ८६ चालवायला मिळणार नसल्या तरी त्यांचे आकडे जवळ ठेवा. स्पोर्ट्स कार बनवणारे कशाला महत्त्व देतात ते त्यातून कळतं.

कागदावरचा हिशेब: ताकद नव्हे, टनामागची ताकद

जाहिरातीतला पीएसचा आकडा एकटा वाचू नका. त्याला गाडीच्या वजनाने, टनांत, भागा. बलेनो आरएस ९५० किलो, १०२ पीएस: टनामागे १०७. सिव्हिक साधारण १२०० किलो, १३२ पीएस: टनामागे ११०. कागदावर तीस पीएसचा फरक, टनामागे फक्त तीनचा. भागताना एकक सारखं आहे ना बघा. एका ठिकाणी पीएस आणि दुसरीकडे बीएचपी छापलेलं असतं. १०२ पीएस म्हणजे जेमतेम १०१ बीएचपी, फरक थोडा आहे पण वाद घालायला पुरतो.

आता गाडीत माणसं बसवा. माणशी ७५ किलो धरून चौघं म्हणजे ३०० किलो. आरएस टनामागे ८२ वर येते, सिव्हिक ८८ वर. हलकी गाडी भरली की जास्त दमते. तुम्ही बहुतेक वेळा एकटे चालवणार की आई-बाबांना घेऊन दर महिन्याला गावी जाणार, याचं उत्तर आधी द्या आणि मग भागाकार करा. मावसभावाचा पहिला निर्णय इथेच बदलला.

आता परदेशी आकडे. जपानी स्विफ्ट स्पोर्ट ९७० किलो, १४० पीएस: टनामागे १४४. जपानमधली दीड लिटरची एमएक्स-५, सगळ्यात हलकी, ९९० किलो, १३२ पीएस: १३३. कागदावर स्विफ्ट पुढे. तरी लोक एमएक्स-५ साठी जीव टाकतात, कारण तिची ताकद मागच्या चाकांना जाते आणि पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळपास निम्मं-निम्मं आहे. पुढची चाकं फक्त वळण्याचं काम करतात. आपल्या यादीतल्या पाचही गाड्यांत पुढच्या चाकांना वळायचंही असतं आणि ओढायचंही, वर इंजिनचं ओझंही त्यांच्यावरच. या गाड्यांचा स्वभाव पुढे जागोजागी दिसेल, तो या एका गोष्टीतून येतो.

टॉर्कचं, म्हणजे इंजिनच्या ओढीचं, मात्र आकड्यापेक्षा ठिकाण बघा: ती ओढ किती आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळते. टोयोटाच्या जुन्या ८६ मध्ये २०५ एनएम होता, पण पूर्ण टॉर्क यायला इंजिन ६४०० आरपीएमपर्यंत न्यावं लागे. २०२१ च्या जीआर ८६ ला त्यांनी २.४ लिटरचं इंजिन दिलं आणि २५० एनएम ३७०० वरच मिळू लागला. जुन्या गाडीबद्दल वर्षानुवर्षं चाललेली कुरकुर एकदम कमी झाली. आपल्याकडे हाच फरक आरएस आणि सिव्हिकमध्ये जाणवतो. आरएसचा १५० एनएम १७०० आरपीएमपासून हाताशी, सिव्हिकचा १७२ एनएम ४३०० वर. लालबहादूर शास्त्री मार्गावर ४३०० आरपीएम किती वेळा दिसतात ते तुम्हीच सांगा.

टायर बघितल्याशिवाय चावी हातात घेऊ नका

माझी पहिली चूक इथली. सकाळी भायखळ्याला एक सिटी चालवली, दुपारी ठाण्यात सीडिया. सिटी वळणात चिकटून गेली, सीडिया साध्या सिग्नलवर ब्रेक मारताना चुळबुळली. मी ऐटीत सांगून टाकलं, सीडियात दम नाही. मावसभाऊ खाली वाकून टायरकडे बघत होता. म्हणाला, "दादा, हे टायर किती जुने आहेत बघितलंस का?" टायरच्या बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. त्या सीडियाचे टायर आठ वर्षांचे निघाले. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण नखाने दाबलं तर रबर दबेना, प्लॅस्टिकसारखं झालं होतं. मी गाडीची नाही, रबराची परीक्षा घेतली होती.

म्हणून दोन्ही गाड्यांच्या टायरचं साल, कंपनी आणि माप आधी वहीत लिहा. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरून घ्या. पंपावर बहुतेक जण डोळे मिटून ३५ भरतात, मग प्रत्येक गाडी कडक आणि उडती वाटते. टायरच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक असेल, तर त्या दिवशी हँडलिंगबद्दल काहीही मत बनवू नका. इंजिन, सीट, गिअर तेवढे बघा आणि घरी या.

रुंद टायर म्हणजे चांगलं हँडलिंग, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. जुनी ८६ कंपनीतूनच साध्या, कमी पकडीच्या टायरवर यायची, मुद्दाम. गाडी कमी वेगातच थोडी सरकते, चालवणाऱ्याला पकडीची हद्द समजते. चार इंच बाहेर आलेले अलॉय दिसले तर मला उलट शंका येते: आतल्या बुशची (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांची) आणि बेअरिंगची काय दशा असेल?

सव्वीस जुलै आणि सीटबेल्ट

सिटी व्हीटेक २००३ ला थांबली. म्हणजे आज मुंबईत फिरणाऱ्या आणि मुळात मुंबईतच विकल्या गेलेल्या प्रत्येक व्हीटेकने २६ जुलै २००५ पाहिलेला आहे. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्यात गेलेल्या गाड्या साफ होऊन परत बाजारात आल्या, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांनीही हिंदमाताला, मिलन सबवेला आपापला वाटा घेतलाच आहे. नव्या गाडीलाही ही तपासणी लागू.

पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटपर्यंत. गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही. पाणी चढलं असेल तर तिथे आडवी मातकट रेघ सापडते, चहाच्या कपाच्या कडेला राहते तशी. मी बघितलेल्या दुसऱ्या सिटीत ती रेघ होती. मालक म्हणाला, "अहो, ते पावसात काच उघडी राहिली होती." उघड्या काचेतून आलेलं पाणी इतकी सरळ रेघ मारत नाही. सीटखालच्या रुळांचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली वाळू आणि कार्पेटखालचा वास, हेही बघा. बाहेर चकाचक पॉलिश आणि आत अत्तराचा दर्प असेल तर नाक जास्त जवळ न्या.

एकच रस्ता, दोन माणसं, एक वही

तुलना करायची तर रस्ता, वेळ आणि चालवणारा तोच हवा. आमचा फेरा रविवारी सकाळी सहाचा. भायखळ्याहून जेजे उड्डाणपूल, पुढे पी. डि'मेलो रोडवरून ईस्टर्न फ्रीवे, शिवडीला अटल सेतू, परतताना पामबीच, वाशी, चेंबूर. एक जण चालवतो, शेजारचा लिहितो. चालवणाऱ्याने आकडे बघायचे नाहीत, बोलायचं फक्त. प्रत्येक टप्पा संपला की एक ते पाच गुण तिथेच टाकायचे. घरी जाऊन दिलेले गुण लोगो बघून दिलेले असतात.

जेजे पुलावर वेग नको, कान आणि कंबर हवी. पूल नागमोडी आहे आणि वळणातच पुलाचे सांधे येतात. बलेनो आणि स्विफ्टची मागची दोन्ही चाकं एका आडव्या तुळईने जोडलेली असतात. वळणात एक चाक सांध्यावर आपटलं की धक्का दुसऱ्यालाही पोचतो आणि मागचा भाग किंचित बाजूला उडतो. सिव्हिक आणि सीडियाची मागची चाकं स्वतंत्र आहेत; आवाज येतो, पण गाडी रेघ सोडत नाही. हे ताशी चाळीसलाही कळतं. दुसरं बघायचं ते बॉडी रोल. गाडी कलते किती, यापेक्षा कशी कलते ते महत्त्वाचं. एका दमात कलून स्थिर झाली तर उत्तम. कलून परत डुलली तर शॉकअब्सॉर्बर संपले आहेत, हा गाडीचा दोष नाही, पुढच्या महिन्याचा खर्च आहे.

फ्रीवेवर मर्यादा ८० ची. तिथे स्टिअरिंग सैल धरून गाडी सरळ जाते का बघा. सिटी आणि सीडियाचं स्टिअरिंग हायड्रॉलिक, जड, पण रस्त्याची खरखर तळहातापर्यंत येते. आरएसचं इलेक्ट्रिक. पार्किंगमध्ये लोण्यासारखं, पण मधल्या भागात काही सांगत नाही. मला हे खटकलं, मावसभावाला अजिबात खटकलं नाही. तो रोज मुलुंड ते लोअर परळ चालवणार होता, मी नव्हे.

अटल सेतूवर चढणाऱ्या रॅम्पला मर्यादा ४०, पुलावर गाड्यांना १००. म्हणजे कायद्यात राहून पिकअप मोजायची याहून चांगली जागा मुंबईत नाही. मागे-पुढे मोकळं असेल तेव्हा रॅम्प संपताना तिसऱ्या गिअरमध्ये ४० वर या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा; शेजारच्याने फोनवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढायचा. ४० ते ८० ला किती सेकंद लागले ते घरी व्हिडिओवरून मोजा. एका फेरीत एसी बंद, दुसऱ्या फेरीत एसी चालू. शून्य ते शंभरच्या नादी लागू नका. त्यात क्लच जळतो आणि रस्त्यावर ती परीक्षा घेणं धोक्याचंही आहे. ४० ते ८० म्हणजे ट्रक ओलांडतानाचे सेकंद, ते रोज लागतात. एसीचा फरक मात्र न विसरता बघा. मुंबईत एसी बंद करून कोण चालवतं? छोट्या इंजिनावर त्याचा भार स्पष्ट जाणवतो, आणि एसी लावल्यावर स्विफ्टचा चेहरा पडतो तेवढा सिव्हिकचा पडत नाही. पुलावर थांबायला बंदी आहे, फोटोसाठीसुद्धा.

व्हीटेक चालवत असाल तर एकदा तरी इंजिन वरपर्यंत न्या. वरच्या आरपीएमला व्हॉल्व उघडणारा कॅम बदलतो, आवाज घोगऱ्याचा तीक्ष्ण होतो आणि गाडी नव्याने ओढायला लागते. हे घडलंच नाही तर आधी ऑइल तपासा. ही यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, ऑइल कमी किंवा काळंकुट्ट असेल तर ती गप्प बसते. मालकाने ऑइल शेवटचं कधी बदललं, याचं खरं उत्तर कॅम देतो.

घाट

यासाठी खोपोली ते खंडाळा, जुना रस्ता. एक्स्प्रेसवेवर मर्यादा १००, घाटात त्याहून बरीच कमी, आणि कॅमेरे जागोजागी. तिथे काही कळतही नाही, रस्ता फार रुंद आहे. जुन्या घाटात पावसाळा सोडून, उजाडल्यावर जा.

चढताना बघा, कोणत्या गिअरमध्ये गाडी समाधानी आहे. आरएस तिसऱ्यात निवांत चढते, व्हीटेकला दुसरा मागावा लागतो आणि ती तो आनंदाने मागते. मग वळण. थोड्या वेगात आत शिरल्यावर नाक बाहेरच्या बाजूला सरकतंय असं वाटलं तर ते अंडरस्टिअर. पुढची चाकं थकली, असं समजा. स्टिअरिंग आणखी पिळून उपयोग नाही, ॲक्सिलरेटर हलकेच सोडा. वजन पुढे येतं, टायर पुन्हा धरतात, नाक आत येतं. हे नाक किती झटकन आणि किती शांतपणे आत येतं, त्यावर मी हँडलिंगचे निम्मे गुण देतो. सीडिया इथे पाचपैकी पाच, नव्या टायरवर हं. सिव्हिक चार. आरएस साडेतीन. व्हीटेक हलकी म्हणून मजा आणते, पण पाव शतकाच्या बुशवर तिला न्याय देणं कठीण आहे.

ट्रकच्या मागे अडकलात तर अडकून राहा. घाटात कुणाला हरवायला आपण गेलेलो नसतो.

ब्रेक

उतरताना दोन-तीन किलोमीटरनंतर पेडल लांब जायला लागलं किंवा जळका वास आला तर ब्रेक तापले. इंजिन ब्रेकिंगसाठी खालचा गिअर ठेवूनही हे होत असेल तर डिस्क-पॅड बदलायचे आहेत. आरएसला चारही चाकांना डिस्क आहेत, इथे ती सगळ्यांत निर्धास्त. सिटी व्हीटेकच्या काळात एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सर्रास नव्हतं, ओल्या रस्त्यावर पाय जपून.

सपाट मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ५० वरून एकदा जोरात थांबा. गाडी एका बाजूला ओढली का, एवढंच बघायचं.

रोजची मुंबई

रविवारचा फेरा आवडला म्हणून व्यवहार करू नका. सोमवारी संध्याकाळी तीच गाडी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवायला मागा. नाही म्हणाला तर पुढचा मालक शोधा. क्लच किती जड, पहिल्यातून दुसऱ्यात गिअर अडकतो का, तापमानाचा काटा मधोमध राहतो का, हे तिथेच कळतं. त्यानंतर गाडी सोसायटीत आणा. सिव्हिक बुटकी आहे. आमच्या पोडियमच्या रॅम्पवर तिचं पोट घासलं, तो आवाज ऐकून वॉचमनही उभा राहिला. मेकॅनिकल पार्किंग असेल तर लांबी मोजून घ्या.

सुट्या भागांचंही बघा. मारुतीचे कोपऱ्यावर मिळतात. सीडिया कितीही गोड चालली तरी तिचे भाग शोधावे लागतात; हातात ओळखीचा, जुन्या मित्सुबिशीवर काम केलेला मेकॅनिक नसेल तर मी ती घेऊ नका म्हणेन, आणि हे म्हणताना मलाच वाईट वाटतं.

कागदपत्रं

पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी असेल तर आरसीचं नूतनीकरण झालंय का आणि ते कधीपर्यंत आहे, हे पहिलं. चॅसिस आणि इंजिन नंबर स्वतः वाकून आरसीशी जुळवा. जुन्या होंडांमध्ये इंजिन बदललेलं असणं नवलाचं नाही, आणि ते आरसीवर चढवलेलं नसेल तर विम्याचा दावा अडकतो. थकलेले ई-चलान, बँकेचा बोजा, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी. मोठा सायलेन्सर, कापलेल्या स्प्रिंग मालक कौतुकाने दाखवेल. मूळ भाग जपून ठेवलेत का विचारा. नसतील तर ते परत बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

मावसभावाने शेवटी सिव्हिक घेतली. वहीत आरएसचे गुण दीडने जास्त होते. पण महिन्यातून एकदा चौघांनी चिपळूण, आणि तो टनामागचा भागाकार त्याच्या डोक्यातून गेला नाही. रॅम्पवर आता तो तिरका चढतो.

थंड इंजिन

हे शेवटी लिहितोय, पण व्यवहाराच्या दिवशी हेच पहिलं करा. पोचल्या पोचल्या, नमस्कार-चमत्काराच्या आधी, तळहात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी गाडी तापवून ठेवली आहे. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर, टॅपेटची टकटक, सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात बाहेर येतं आणि तापलं की लपतं. वाद घालू नका. "आज जरा घाईत आहे, उद्या सकाळी सातला येतो, तोवर चालू करू नका" म्हणा, आणि पावणेसातला जा.